हँडिकॅप कसा ठरतो आणि कसा बदलतो: नागपूरच्या नव्या गोल्फरसाठी

डिसेंबरातल्या एका रविवारी, फेअरवेवरचं धुकं अजून उठायचं होतं, तेव्हा भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. तो मिहानमध्ये नोकरीला आहे, दीड वर्षापासून त्याला गोल्फचा नाद लागलाय. "मामा, हे बघा. तीन कार्डं टाकली, १०४, १०९ आणि १०१. सरासरी काढली तर पारपेक्षा ३३ जास्त होतात, आणि इथे इंडेक्स दाखवतंय २६.६. चुकलंय का काही?"

चुकलं काहीच नव्हतं. हँडिकॅप म्हणजे कमीजास्त कसबाच्या खेळाडूंना बरोबरीने खेळता यावं म्हणून मिळणारी स्ट्रोक्सची, म्हणजे फटक्यांची, सवलत. इंडेक्स हा तिचा अधिकृत आकडा, आणि तो सरासरीने निघत नाही. हा प्रश्न मी इतक्या नव्या खेळाडूंकडून ऐकलाय की त्या दिवशी ठरवलं, एकदा सगळं नीट लिहून काढायचं. भाच्याचीच कार्डं घेऊन हिशेब करू. कोर्सचे आकडे मात्र उदाहरणासाठी धरलेले आहेत: पार (फेरीसाठी ठरवून दिलेले स्ट्रोक) ७२, कोर्स रेटिंग ७०.४ आणि स्लोप १२१. रेटिंग आणि स्लोप म्हणजे काय ते पुढे सांगतो. तुम्ही खेळता त्या टीचे (होलचा पहिला फटका मारायच्या जागेचे) आकडे तुमच्या स्कोअरकार्डवर किंवा क्लबच्या फलकावर असतात, ते घालून हाच हिशेब करा.

आधी मनातली सरासरी काढून टाका

हँडिकॅप म्हणजे तुमचा नेहमीचा खेळ नव्हे. तुम्ही चांगले खेळता तेव्हा किती चांगले खेळता, याचं ते माप आहे. म्हणून चारपाच फेऱ्यांतून एकदाच आपण आपल्या हँडिकॅपला खेळतो. बाकीच्या वेळी दोनचार स्ट्रोक जास्तच लागतात. "माझा हँडिकॅप २० आहे, पण मी कधीच ९२ मारत नाही, म्हणजे तो चुकीचा आहे" असं म्हणणाऱ्याला हे कळलेलं नसतं. पद्धत मुद्दाम अशी ठेवली आहे. सरासरीवर हँडिकॅप दिला तर ज्याचा खेळ एक दिवस ८५ आणि दुसऱ्या दिवशी १०५ असा हेलकावे खातो, तो आपल्या चांगल्या दिवशी प्रत्येक स्पर्धा जिंकेल. नेमाने ९० मारणाऱ्याला मग कधीच संधी मिळणार नाही.

२०२० पर्यंत जगात सहा वेगवेगळ्या पद्धती चालत होत्या: अमेरिकेची, ब्रिटनची, युरोपची, ऑस्ट्रेलियाची, दक्षिण आफ्रिकेची आणि अर्जेंटिनाची. यूएसजीए (अमेरिकेची) आणि आर अँड ए (ब्रिटनची) या दोन गोल्फ संस्थांनी त्या एकत्र करून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आणली. आपल्याकडे हे काम इंडियन गोल्फ युनियन आणि तिच्याशी संलग्न क्लब पाहतात. म्हणून पहिलं पाऊल साधं आहे. संलग्न क्लबमार्फत नोंदणी करा आणि आपला हँडिकॅप क्रमांक घ्या. त्याशिवाय मित्रांनी मिळून ठरवलेला आकडा स्पर्धेत कुणी विचारात घेत नाही.

कोणतं कार्ड चालतं

इंडेक्स मिळायला एकूण ५४ होल्सचे स्कोअर लागतात. १८-१८ च्या तीन फेऱ्या करा, नाहीतर ९ आणि १८ मिळून बेरीज ५४ करा, दोन्ही चालतं. खेळ गोल्फच्या नियमांप्रमाणे हवा, कोर्सला रेटिंग झालेलं हवं आणि सोबत मार्कर हवा. मार्कर म्हणजे तुमचा स्कोअर लिहून त्याखाली सही करणारा दुसरा खेळाडू. स्ट्रोक प्ले (एकूण स्ट्रोक मोजायचे), स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलला गुण) आणि मॅच प्ले (एकेक होल जिंकायचं) या तिन्ही प्रकारांतली कार्डं चालतात. स्क्रॅम्बलचं (संघातल्या सगळ्यांत चांगल्या फटक्यावरून सगळ्यांनी पुढे खेळायचं) किंवा दोघांत एकच चेंडू खेळायच्या फोरसम्सचं कार्ड चालत नाही, कारण त्यात तुमचा एकट्याचा खेळ दिसत नाही. एका होलवर दोन-तीन चेंडू मारत केलेला सरावही धरला जात नाही.

पावसाळ्यात चेंडू चिखलात रुततो म्हणून क्लब प्रिफर्ड लाइज लावतो, म्हणजे फेअरवेवरचा चेंडू उचलून, पुसून परत ठेवायची मुभा देतो. त्या दिवसाचं कार्डही पूर्ण ग्राह्य असतं. जुलै-ऑगस्टमधली कार्डं टाकायची नसतात, असं आपल्याकडे बरेचजण समजतात. तसं काही नाही.

मित्रांमध्ये खेळताना "असू दे, दिला" म्हणून सोडलेल्या पटचं, म्हणजे होलमध्ये चेंडू ढकलायच्या शेवटच्या फटक्याचं, काय करायचं? चेंडू होलपासून पाच फुटांच्या आत असेल तर आतापर्यंतच्या स्ट्रोक्समध्ये एक मिळवा. पाच फूट ते वीस यार्ड असेल तर दोन किंवा तीन, त्याहून लांब असेल तर तीन किंवा चार. आपल्याला खरोखर किती लागले असते, याचा प्रामाणिक अंदाज करून लिहायचं.

एका होलने फेरी बुडू नये म्हणून

भाच्याचा १०४ हा आकडा त्याने मारलेल्या एकूण स्ट्रोक्सचा नाही. पार ४ च्या एका होलवर पाण्यात दोन चेंडू घालवून त्याने १२ केले होते. इंडेक्स मिळेपर्यंत एका होलवर पार अधिक ५ याच्यापुढे मोजत नाहीत, म्हणून तिथे ९ धरले. असा कापून घेतलेला एकूण स्कोअर म्हणजे समायोजित स्कोअर, आणि हिशेबात तोच जातो.

इंडेक्स मिळाल्यावर मर्यादा बदलते आणि ती नेट डबल बोगी होते: पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे स्ट्रोक. पार ४ वर दोन स्ट्रोक मिळत असतील तर जास्तीत जास्त ८. पार ३ वर एक मिळत असेल तर ६. मात्र ही काटछाट फक्त हँडिकॅपच्या हिशेबापुरती आहे. स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत १२ मारले तर कार्डवर १२ च लिहायचे.

रेटिंग आणि स्लोप: सगळ्यात कमी समजलेली गोष्ट

या भागावर जरा थांबतो, कारण बाकी सगळा हिशेब यावर उभा आहे.

कोर्स रेटिंग म्हणजे स्क्रॅच खेळाडू, ज्याचा हँडिकॅप शून्य आहे असा, नेहमीच्या परिस्थितीत त्या टीवरून चांगला खेळला तर किती स्ट्रोक्समध्ये फेरी संपवेल याचा दशांशापर्यंत काढलेला आकडा. आमच्या उदाहरणात पार ७२ असून रेटिंग ७०.४ आहे, म्हणजे स्क्रॅचला हा कोर्स पारपेक्षा थोडा सोपा जातो.

पण जो स्क्रॅचला सोपा, तो तुम्हाला सोपा असेलच असं नाही. टीपासून १८० यार्डांवर नाला आडवा आहे असं समजा. २५० यार्ड ड्राइव्ह मारणाऱ्या स्क्रॅचला तो दिसतही नाही. तुम्ही-आम्ही मात्र नाल्याच्या अलीकडे थांबावं की पलीकडे मारून पाहावं, या विचारातच अर्धे हरतो. म्हणून रेटिंग करणारं पथक तोच कोर्स बोगी खेळाडूच्या नजरेनेही मोजतं. बोगी खेळाडू म्हणजे पुरुषांत साधारण २० आणि महिलांत साधारण २४ इंडेक्सचा. मग बोगी रेटिंगमधून कोर्स रेटिंग वजा करतात आणि त्या फरकाला पुरुषांसाठी ५.३८१ ने, महिलांसाठी ४.२४ ने गुणतात. येतो तो आकडा स्लोप. तो ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो. ११३ हा प्रमाण मानलेला आहे.

एवढ्यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. स्लोप जास्त म्हणजे कोर्स अवघड, हे अर्धवट आहे. स्लोप जास्त म्हणजे चांगल्या खेळाडूपेक्षा तुम्हाला तो किती पटीने अवघड. लांबलचक पण मोकळ्या मैदानाचं रेटिंग भरपूर आणि स्लोप बेताचा असू शकतो. उलट आखूड, झाडांनी वेढलेल्या, पाण्याने भरलेल्या कोर्सवर रेटिंग कमी आणि स्लोप वर. हे पथक नुसती टेपने लांबी मोजत नाही. चेंडू पडल्यावर किती धावतो, चढ-उतार, डॉगलेग (मध्येच वळणारं होल), बंकर, झाडं, रफ, ग्रीनचा वेग, सगळं पाहतं. समुद्रसपाटीपासून २००० फुटांच्या वर असलेल्या कोर्सला विरळ हवेची दुरुस्तीही लावतात. नागपूर हजार-अकराशे फुटांवर आहे, तेव्हा आपल्याकडे तिची गरज पडत नाही.

डिफरेन्शियल काढा

प्रत्येक कार्डाचं रूपांतर एका आकड्यात होतं, त्याला स्कोअर डिफरेन्शियल म्हणतात:

(११३ ÷ स्लोप) × (समायोजित स्कोअर − कोर्स रेटिंग − पीसीसी)

पीसीसीकडे पुढे येतो, सध्या तो शून्य धरा. १०४ मधून ७०.४ गेले, उरले ३३.६. त्याला ११३ ने गुणून १२१ ने भागलं की ३१.४. त्याच रीतीने १०९ चे ३६.० आणि १०१ चे २८.६.

तीनच कार्डं असतील तर त्यांतलं सगळ्यात कमी डिफरेन्शियल घेऊन त्यातून आणखी २ वजा करतात. २८.६ मधून २ गेले की २६.६, भाच्याच्या मोबाइलवर दिसलेला आकडा. वजा का करायचे? नवा माणूस झपाट्याने सुधारतो. पहिल्याच महिन्यात त्याला पुरा आकडा दिला तर तो सगळ्यांना हरवत सुटेल.

चार कार्डं झाली की सगळ्यात कमी एक घेऊन १ वजा होतो, पाच झाली की काहीच वजा होत नाही. सहाव्या कार्डावर सगळ्यात चांगल्या दोघांची सरासरी घेऊन १ वजा होतो. सात-आठ कार्डांवर दोघांचीच, वजाबाकी न करता. नऊ ते अकरा कार्डांवर चांगली तीन, बारा ते चौदा झाल्यावर चार, पंधरा-सोळावर पाच, सतरा-अठरावर सहा, एकोणीसवर सात. वीस कार्डं पूर्ण झाली की चांगली आठ, आणि तिथून पुढे कायम हेच: शेवटच्या २० मधली सगळ्यात चांगली ८, त्यांची सरासरी. इंडेक्सची कमाल मर्यादा ५४.० आहे, पुरुषांना आणि महिलांना सारखीच.

आता असं बघा. तुमच्या चांगल्या आठ कार्डांची डिफरेन्शियल्स १९.८, २०.४, २०.९, २१.३, २१.७, २२.०, २२.४ आणि २२.७ आहेत. बेरीज १७१.२, भागिले आठ, इंडेक्स २१.४. तुम्ही नवं कार्ड टाकता, त्याचं डिफरेन्शियल २२.१, म्हणजे चांगलंच. तरी सकाळी इंडेक्स २१.७ दिसतो! कारण विसातलं सगळ्यात जुनं कार्ड बाहेर पडलं आणि ते नेमकं १९.८ वालं होतं. इंडेक्स वर गेला म्हणून वैतागण्याआधी यादीतून काय गळलं ते बघत जा.

इंडेक्सवरून प्रत्यक्ष स्ट्रोक

इंडेक्स हा प्रवासात सोबत न्यायचा आकडा आहे. मैदानावर त्याचा कोर्स हँडिकॅप करावा लागतो: इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग आणि पारमधला फरक. भाच्याचं गणित असं: २६.६ × १२१ ÷ ११३ = २८.५, त्यात ७०.४ वजा ७२, म्हणजे उणे १.६. येतात २६.९, पूर्णांकात २७.

तोच भाचा समजा डोंगरातल्या एका कोर्सवर गेला, जिथे स्लोप १३५, रेटिंग ७३.० आणि पार ७२ आहे. तिथे त्याला ३३ स्ट्रोक मिळतील. सपाट, आखूड कोर्सवर, स्लोप १०५, रेटिंग ६७.८, पार ७० असेल तर २३. माणूस तोच, इंडेक्स तोच.

हे २७ स्ट्रोक कुठे वापरायचे ते स्कोअरकार्डवरचा स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे प्रत्येक होलला दिलेला १ ते १८ मधला क्रम, सांगतो. प्रत्येक होलवर एक असे १८ वाटले, उरले ९. ते स्ट्रोक इंडेक्स १ ते ९ असलेल्या होल्सवर दुसऱ्यांदा मिळतात. मॅच प्लेमध्ये दोघांतला फरक धरतात. समोरच्याचा कोर्स हँडिकॅप १५ असेल तर भाच्याला १२ स्ट्रोक, स्ट्रोक इंडेक्स १ ते १२ च्या होल्सवर. फार थोड्यांचा हँडिकॅप प्लस, म्हणजे शून्याहूनही चांगला, असतो. त्यांना उलट कोर्सला स्ट्रोक परत द्यावे लागतात, आणि त्यांची सुरुवात स्ट्रोक इंडेक्स १८ असलेल्या होलपासून होते.

स्पर्धेत आणखी एक टप्पा असतो, प्लेइंग हँडिकॅप. वैयक्तिक स्ट्रोक प्ले आणि स्टेबलफोर्डला ९५ टक्के, एकास एक मॅच प्लेला १०० टक्के, फोरबॉल (जोडीतला प्रत्येकजण आपापला चेंडू खेळतो) स्ट्रोक प्लेला ८५ आणि फोरबॉल मॅच प्लेला ९० टक्के अशी शिफारस आहे. भाच्याचे २७ मग स्टेबलफोर्डला २६ होतात. फोरबॉलमध्ये टक्के कमी का? दोघांतला चांगला स्कोअर धरायचा असल्यामुळे ज्यांचा खेळ वरखाली होतो त्या जोडीला आपोआपच फायदा मिळतो, तो फेडण्यासाठी.

हवामान आणि पीसीसी

नवतप्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, जमीन तव्यासारखी होते आणि चेंडू पडल्यावर पळत सुटतो. ऑगस्टात तोच चेंडू पडल्या जागी रुततो. रेटिंग मात्र नेहमीच्या परिस्थितीचं असतं. ही दरी भरायला प्लेइंग कंडिशन्स कॅल्क्युलेशन, म्हणजे पीसीसी आहे. त्या दिवशी त्या कोर्सवर पडलेल्या कार्डांची तुलना त्या खेळाडूंकडून अपेक्षित स्कोअरशी होते आणि उणे १ ते अधिक ३ पर्यंत दुरुस्ती लागते. वादळी दिवशी पीसीसी अधिक १ आला तर भाच्याच्या १०४ चं डिफरेन्शियल ३१.४ ऐवजी ३०.४ होईल.

यासाठी ३६.० किंवा त्याहून कमी इंडेक्सच्या खेळाडूंची किमान आठ कार्डं त्या दिवशी यावी लागतात. म्हणून कार्ड घरी जाऊन, आंघोळ करून, परवा-तेरवा टाकू नका. क्लबमधून निघण्याआधी टाका. आठ कार्डं जमली नाहीत तर दुरुस्ती लागत नाही आणि सगळ्यांचंच नुकसान होतं.

उन्हाळ्यात आपण बहुतेकजण पहाटे साडेपाचला सुरू करून ऊन चढायच्या आत नऊच होल्स खेळतो. आधी अशी कार्डं जोडी जमेपर्यंत पडून राहायची. २०२४ च्या सुधारणेपासून इंडेक्स असलेल्या खेळाडूच्या नऊ होल्सच्या कार्डाला उरलेल्या नऊंचा अपेक्षित स्कोअर जोडून लगेच १८ चं डिफरेन्शियल मिळतं. नागपूरकरांना या बदलाचा फार उपयोग आहे. मे महिना मोकळा सोडू नका.

झटका आणि लगाम

फारच चांगली फेरी झाली तर पद्धत सरासरीची वाट पाहत नाही. डिफरेन्शियल तुमच्या इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ ने कमी आलं की शेवटच्या वीसही डिफरेन्शियल्समधून १ वजा होतो, १०.० किंवा जास्त असेल तर २. इंडेक्स २१.४ असताना १३.९ आलं, तर फरक ७.५, म्हणून १ वजा. पुढे नवी कार्डं येत गेली की ही वजाबाकी हळूहळू यादीबाहेर जाते.

उलट दिशेलाही लगाम आहे. वीस कार्डं झाली की गेल्या ३६५ दिवसांतला तुमचा सगळ्यात कमी इंडेक्स नोंदला जातो. त्याच्या ३.० वर गेलात की पुढची वाढ निम्मीच मिळते, हा सॉफ्ट कॅप. ५.० च्या वर ती थांबतेच, हा हार्ड कॅप. सगळ्यात कमी १८.० असताना हिशेबाने २३.० आले तर मिळतील २२.०, हिशेब २५.० च्या कितीही पुढे गेला तरी २३.० च. पाठीचं ऑपरेशन झालं, गुडघा बदलला, तर हा लगाम अन्याय करतो. अशा वेळी हँडिकॅप कमिटीला लेखी कळवा. कागद पाहून इंडेक्स वाढवायचा अधिकार तिला आहे.

कमिटी आणि आपण

कमिटीला इंडेक्स कमी करायचा, गोठवायचा आणि न टाकलेल्या कार्डाबद्दल दंडाचा स्कोअर लावायचाही अधिकार आहे. अशी दुरुस्ती किमान एका स्ट्रोकची असते, आणि खेळाडूला आधी कळवून त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर रागावून राजीनामा देऊ नका. आपली कार्डं घेऊन बसा.

लोकांना वाटतं लबाडी एकाच प्रकारची असते: स्पर्धेआधी वाईट कार्डं टाकून हँडिकॅप फुगवायचा आणि मग स्टेबलफोर्डला ४५ गुण करून कप न्यायचा. हँडिकॅपला खेळलेल्या फेरीचे ३६ गुण होतात, तेव्हा ४५ म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. पण दुसरीही एक आहे, आणि ती मी स्वतः कित्येक वर्षं केली. वाईट फेरीचं कार्ड मी टाकतच नसे. विसाच्या यादीत सगळी निवडक कार्डं, त्यांतली पुन्हा निवडक आठ. इंडेक्स १४ दिसायचा आणि खेळ १९ चा. एका सकाळी कॅडीने माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहून विचारलं, "साहेब, दहा झाले ना बाप्पा, सातच काऊन लिहिता?" तो नियमाचं बोलत नव्हता, साधं मोजत होता. त्या मोसमात क्लबच्या संघातून मी ज्याच्या जोडीने खेळलो त्याला माझ्यामुळे एकामागून एक सामने गमवावे लागले. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यानंतर मी एकही कार्ड खिशात ठेवलेलं नाही, पाऊस असो, नऊच होल्स असोत, ११० असोत.

भाच्याला मी एवढंच करायला लावलं. टी-ऑफ करण्याआधी मार्कर ठरवायचा, प्रत्येक होल संपल्यावर त्याला मोठ्याने आकडा सांगायचा आणि त्या दिवशीचं कार्ड त्याच दिवशी भरायचं. मार्चपर्यंत त्याची चौदा कार्डं झाली, म्हणजे आता चांगली चार धरली जातात. परवा त्याने ९६ मारले. फोनवर पहिलं वाक्य होतं, "मामा, डिफरेन्शियल २३.९ आलं, बरोबर आहे ना?" मी कागदावर करून पाहिलं. ९६ वजा ७०.४, २५.६, गुणिले ११३, भागिले १२१. बरोबर होतं.